रात्री आठ वाजता फोन कोण उचलणार?

*मी एक्केचाळीस वर्षांचा. सांगलीत पंधरा वर्षं वेबसाइट बनवतोय. सर्व्हरवर पीएचपी आणि ब्राउझरात जेक्वेरी, दुसरं काही नाही. दीड वर्षापूर्वी माझा मावसभाऊ पुण्यातली नोकरी सोडून माझ्याबरोबर आला. चोवीस वर्षांचा आहे, हुशार आहे, पण रिअ‍ॅक्टशिवाय बोलत नाही. आता एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचं काम आलंय. एक साधी माहितीची साइट आणि आतल्या लोकांसाठी आवक-जावकीचं पॅनेल: लॉट, पेट्या, भाडं, गेटपास. भाऊ म्हणतो नेक्स्ट (रिअ‍ॅक्टवरच उभं असलेलं फ्रेमवर्क), टाइपस्क्रिप्ट, टेलविंड. मी म्हणतो जेक्वेरीत आठ दिवसांत उभं करतो. त्याचा बेंगळुरूचा मित्र म्हणतो स्वेल्ट घ्या. शेजाऱ्यांची मुलगी मोठ्या कंपनीत अँग्युलरवर काम करते, ती आम्हा दोघांनाही हसते. त्यात गेल्या आठवड्यात भावानं मला न विचारता आमच्या सगळ्या जुन्या कोडवर रात्रीतून प्रेटियर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन, फिरवलं. सकाळी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, उघडलं तर प्रत्येक ओळ त्याच्या नावावर! सहा वर्षांत कुठली ओळ कधी आणि का बदलली ते शोधायचा माझा एकच रस्ता होता, तो बुजला. तीन दिवस आमचं बोलणं नाही. घाईच्या वेळी मी फाइलझिला (फाइली सर्व्हरवर चढवायचं साधन) उघडून थेट सर्व्हरवर बदल करतो, हे तो सारखं उकरून काढतो, ते वेगळंच. कोणतं फ्रेमवर्क घ्यावं? आणि चूक कोणाची?*

*– एक दादा, सांगली*

दादा,

तुमच्या पत्रात चार फ्रेमवर्कं, म्हणजे साइट उभारायचे चार तयार सांगाडे, आली, एक मित्र आला, शेजाऱ्यांची मुलगीसुद्धा आली. एक माणूस मात्र आला नाही. तो म्हणजे कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. मार्च-एप्रिलात आवक जोरात असताना गेटवर टेम्पोंची रांग लागेल, पॅनेलवर गेटपास निघणार नाही, आणि तो रात्री आठ वाजता फोन करेल. तो फोन कोण उचलणार? पंधरा वर्षं तुम्हीच उचलताय, गिऱ्हाईक तुमचंच आहे, म्हणजे फोन तुम्हालाच येणार. भाऊ त्या वेळी सिनेमाला असेल, लग्नाला असेल किंवा दोन वर्षांनी परत पुण्याला असेल. तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं की जे कोड तुम्हा दोघांपैकी एकालाच वाचता येतं, ते घ्यायचं नाही. यात तुमची जेक्वेरीही आली. तुमचं जेक्वेरीचं कोड भावाला वाचता येतं असं तुम्हाला वाटतं ना? एकदा त्याला खरं विचारून बघा.

आधी कामाचे दोन तुकडे करू. माहितीच्या साइटला कुठलंच फ्रेमवर्क नको. पत्ता, क्षमता, भाड्याचे दर, चार फोटो. तुमच्या पीएचपीनं एचटीएमएल तयार करून पाठवलं की झालं. ही साइट द्राक्षबागायतदार बांधावर उभा राहून साध्या फोनवर उघडणार. जावास्क्रिप्ट नुसतं उतरवून भागत नाही, ते फोनला वाचावं लागतं, चालवावं लागतं, आणि स्वस्त फोनचा दम तिथंच जातो. मी एकदा हौसेनं अशाच एका चार पानी साइटला अख्खं फ्रेमवर्क चढवलं होतं. माझ्या लॅपटॉपवर पाखरासारखं उडायचं. गिऱ्हाइकाच्या वॉचमनच्या फोनवर पान उघडेपर्यंत त्याचा चहा संपला. तो मला काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसणं अजून आठवतं.

पॅनेलचं तसं नाही. तिथं भावाचं बरोबर आहे आणि तुमचं चूक, हे आधी स्पष्ट सांगतो.

एका लॉटमधून चाळीस पेट्या बाहेर गेल्या, तर पडद्यावर किती ठिकाणी आकडा बदलायला हवा? लॉटच्या ओळीत शिल्लक, वर चेंबरची एकूण बेरीज, बाजूला त्या शेतकऱ्याचं खातं, खाली भाड्याची रक्कम. जेक्वेरीत या चारही जागा तुम्ही हातानं शोधता आणि हातानं बदलता. आज चारही आठवतील. सहा महिन्यांनी मॅनेजर म्हणेल, वर एक लाल पट्टी दाखवा, वीसपेक्षा कमी पेट्या राहिल्या की. ती पाचवी जागा. जावकीच्या बटणात तुम्ही ती घालाल, पण ‘नोंद रद्द’च्या बटणात घालायची राहील. मग एकाच पडद्यावर दोन आकडे. कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्यांचे दोन आकडे म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. शेतकरी आणि अडत्या दोघेही ऑफिसात येऊन बसतील.

फ्रेमवर्क म्हणजे या दुखण्यावरचा इलाज, बाकी सगळी सजावट. खरा आकडा एकाच जागी ठेवायचा, आणि ‘आकडा असा असेल तर पडदा असा दिसावा’ एवढंच लिहायचं. बदलायचं काम त्याचं. रिअ‍ॅक्ट, स्वेल्ट, अँग्युलर आणि तुमच्या पत्रात न आलेलं व्ह्यू, या चौघांत भांडण आहे ते फक्त एका गोष्टीवर: काय बदललं हे ओळखायचं कसं?

रिअ‍ॅक्ट सगळी यादी कच्च्या कागदावर पुन्हा लिहून काढतं, जुन्या कच्च्या कागदाशी ताडून बघतं, आणि फरक असेल तेवढ्याच ओळी पक्क्या वहीत बदलतं. व्ह्यू आधीच नोंद ठेवतं की अमुक लॉटचा आकडा कोणकोणत्या जागांनी विचारला होता. आकडा बदलला की तेवढ्यांनाच हाक मारतं. स्वेल्ट या हिशेबाचा बराच भाग आदल्या रात्रीच करून ठेवतं, म्हणजे तुमचं कोड ब्राउझरला देण्याआधीच कंपाइल करतं, त्यामुळे ब्राउझरकडे सामान कमी जातं. अँग्युलर पूर्वी पडद्यावर कुठं काहीही खुट्ट झालं की सगळीकडे फेरी मारून यायचं. २०२३ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून तेही सिग्नलच्या, म्हणजे कोणता आकडा कोणी विचारला त्याची नोंद ठेवण्याच्या, वाटेला लागलंय, म्हणजे बऱ्यापैकी व्ह्यूच्या अंगणात आलंय. एवढं समजलं की निम्मी भांडणं मिटतात. भावाला हे रिअ‍ॅक्टपुरतं माहीत असेल. त्याच्याकडून तासभर समजून घ्या. धाकट्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

शेजाऱ्यांच्या मुलीचं हसणं मनावर घेऊ नका. अँग्युलरमध्ये राउटिंग, फॉर्म, चाचण्या सगळं एकाच पेटीत मिळतं आणि सगळ्यांना एकाच शिस्तीत लिहावं लागतं. पन्नास जण एकाच कोडवर असतील तर ती शिस्त सोन्यासारखी. तुम्ही दोघं आहात. दोघांच्या घराला सोसायटीची नियमावली कशाला? स्वेल्ट मला मनापासून आवडतं. रिच हॅरिस यांनी ते २०१६ मध्ये आणलं तेव्हापासून अधूनमधून घरच्या कामाला वापरतो. पण अडलं तर विचारायला माणूस सांगलीत सापडणार नाही, आणि भावाच्या मित्राचा फोन रात्री आठला लागेल याची खात्री तुम्हीही देणार नाही.

राहिली दोन, रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू. मी तुम्हाला व्ह्यू सांगेन. भाऊ नाराज होईल, म्हणून कारणं सविस्तर देतो.

व्ह्यूचं टेम्पलेट बघितलं की तुम्हाला एचटीएमएल ओळखू येतं. तुमचीच टेबलची ओळ, तिच्यावर ‘व्ही-फॉर’ लिहिलं की ती लॉटगणिक फिरते. रिअ‍ॅक्टमध्ये एचटीएमएल जावास्क्रिप्टच्या पोटात लिहायचं असतं. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुलं झालं तेव्हा कितीतरी जाणत्या लोकांनी यावर नाक मुरडलं होतं. नंतर त्यातलेच बरेच जण ते लिहू लागले. तुम्हालाही जमेल, पण नुसतं ते जमून भागत नाही. २०१९ मध्ये हुक्स आले, म्हणजे आकडा जपणारी आणि तो बदलला की काम करणारी छोटी फंक्शनं, त्यांचे नियम वेगळे: ‘जर’च्या आत बोलवायचे नाहीत, इफेक्टला कशावर अवलंबून आहे ती यादी द्यायची, यादीत एक नाव राहिलं की जुनाच आकडा दिसत राहतो. रोज लिहिणाऱ्याच्या बोटांत हे बसतं. महिन्यातून एकदा, तेही रात्री आठ वाजता, मॅनेजर फोनवर असताना उघडणाऱ्याच्या बोटांत बसत नाही.

दुसरं, व्ह्यू तुमच्या जुन्या पीएचपीच्या पानात एका स्क्रिप्टच्या टॅगनं घालता येतं, अगदी जेक्वेरी घालायचात तसंच. एका पडद्यापासून सुरुवात करा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २०२० मध्ये व्ह्यू निवडलं, आणि त्यांचं घरही तुमच्यासारखंच होतं: खाली पीएचपी, वर वर्षानुवर्षांची जेक्वेरी. अर्थात ते घर तुमच्यापेक्षा जरा मोठं आहे.

तिसरं कारण तुमच्या दोघांतलं आहे. रिअ‍ॅक्ट घेतलं तर तुम्ही भावाच्या घरी पाहुणे, जेक्वेरी घेतली तर तो तुमच्या घरी पाहुणा. व्ह्यू दोघांनाही थोडं परकं आणि दोघांनाही थोडं ओळखीचं. रिअ‍ॅक्ट येणाऱ्या पोराला व्ह्यू आठवड्यात येतं, त्याला तसं सांगा.

भावाचीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. उद्या तिसरा माणूस ठेवायचा झाला तर रिअ‍ॅक्टवाला पटकन मिळेल, व्ह्यूवाला शोधावा लागेल. आणि व्ह्यूही काही अक्षय पात्र नाही: इव्हान यू यांनी २०१४ मध्ये ते आणलं, २०२० मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि ३१ डिसेंबर २०२३ ला दुसऱ्या आवृत्तीची देखभाल संपली. मध्ये अडकलेल्यांचे हाल झाले. अँग्युलरवाल्यांनी तर याहून मोठा घाव सोसला. २०१० चं अँग्युलरजेएस आणि २०१६ चं अँग्युलर २ यांत नावापलीकडे फारसं काही सारखं नव्हतं. रिअ‍ॅक्ट त्या मानानं जुन्यांना सांभाळून घेतं, पण ज्या ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’नं एका पिढीनं श्रीगणेशा केला, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झालं. तुमची २००६ ची जेक्वेरी मात्र या सगळ्यांच्या वराती बघत ओट्यावर बसलीय आणि अजून चालतेय. तिची लाज बाळगू नका. तिची जी कामं आपल्याला प्यारी होती, घटक शोधणं, क्लास लावणं-काढणं, सर्व्हरकडून माहिती आणणं, ती आता ब्राउझरच करतो, एवढंच.

आता नेक्स्ट. याला मी ठाम नाही म्हणेन. तुमची होस्टिंग सीपॅनेलवाली, पीएचपीची असणार. नेक्स्टचे खरे गुण हवे असतील तर सर्व्हरवर नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, सतत चालू ठेवायला हवं. ते चालू आहे का, त्याची आवृत्ती कोणती, हे बघायला कोण बसणार? डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागात, एक भोक सापडलं, त्यातून बाहेरच्या माणसाला लॉगिन न करता सर्व्हरवर स्वतःचं कोड चालवता येत होतं. गांभीर्य दहापैकी दहा. नेक्स्टही त्यात आलं. ज्यांच्याकडे पहाऱ्याला माणसं होती त्यांनी लगेच आवृत्ती चढवली. दोघांच्या दुकानात त्या दिवशी एक जण बँकेत आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे असतो. याउलट व्ह्यूचं पॅनेल बिल्ड केलं की निघतात नुसत्या फाइली. त्या पीएचपीच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की संपलं, सर्व्हरवर नवं काही चालवायचं नाही.

बिल्डसाठी, म्हणजे लिहिलेल्या कोडच्या या तयार फाइली बनवायला, जे वापराल त्याचं नाव ऐकून तुम्ही खूश व्हाल. इव्हान यू यांनीच २०२० मध्ये बनवलेलं ‘वीट’. फ्रेंच शब्द, अर्थ ‘झटपट’, पण उच्चार थेट आपल्या विठोबाच्या पायाखालचा. पूर्वी याच कामाचं जुनं साधन वेबपॅक सगळं गाठोडं बांधून झाल्याशिवाय पान दाखवायचं नाही. प्रकल्प मोठा असला तर सुरू करून चहाला जावं. आपण कोड लिहीत असताना वीट गाठोडं बांधतच नाही. ब्राउझर जी फाइल मागेल तेवढीच तयार करून देतं. लोकांना वेबपॅकचा वीट आला म्हणून वीट आली, असं मी आमच्या पोरांना सांगतो. कोणी हसत नाही.

टाइपस्क्रिप्टवर भावाचं ऐका. कारण एका वाक्यात: फॉर्मच्या चौकटीतून आलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा नसून अक्षरं वाटतात, म्हणून दहा पेट्यांत पाच पेट्या मिळवल्या की एकशे पाच होतात. हे तुम्ही जेक्वेरीत एकदा तरी भोगलं असणारच. टाइपस्क्रिप्ट म्हणजे कुठं आकडा आणि कुठं अक्षरं हे नोंदवून लिहायची जावास्क्रिप्ट: पेट्यांच्या जागी आकडाच हवा असं एकदा लिहून ठेवलं की असली चूक लिहितानाच लाल रेघ मारून दाखवतं. टेलविंड म्हणजे रंगरूपाचे तयार क्लास, त्याचं मला सोयरसुतक नाही. भावाला हवं तर वापरू द्या.

पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, मात्र मोजून घ्या. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातली बिल्डं कोसळली. अकरा ओळी! मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायचं काम. तारीख मराठीत दाखवायला तुमचा भाऊ एखादं पॅकेज टाकायला निघाला तर त्याला थांबवा, ब्राउझरला ते स्वतःहून येतं. आणि लॉक फाइल, म्हणजे कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती याची यादी, गिटमध्ये ठेवायची, नाहीतर त्याच्या लॅपटॉपवर एक आवृत्ती आणि तुमच्यावर दुसरी.

आता चुकीचं बोलू. माझ्या मते फ्रेमवर्कपेक्षा तुमच्या मनाला हेच जास्त लागलंय.

प्रेटियर वापरण्यात भावाची चूक नाही. स्वल्पविराम कुठं, ओळ कुठं मोडायची, यावर दोन माणसांनी डोकं झिजवू नये, ते यंत्रावर सोपवावं. म्हणूनच ते जन्माला आलं. चूक आहे ती न विचारता, रात्रीतून, सगळ्यावर एकदम फिरवण्यात. वाटण्या न करता घराचं सामान हलवलं त्यानं. आणि तुमचं? सहा वर्षांत कोडला एकही नियम लावला नाहीत, आणि फाइलझिलानं सर्व्हरवर जे बदल केलेत ते तर गिटला कधी दिसलेच नाहीत. तुमचा इतिहास बुजला म्हणता, पण तो आधीच अर्धा होता, दादा.

बुजलेला रस्ता मात्र मोकळा होतो. २०१९ पासून गिटला एका फाइलमध्ये सांगता येतं की अमुक कमिट, म्हणजे एका वेळी नोंदवलेला बदल, हे नुसतं झाडलोटीचं आहे, ओळ कोणाची ते शोधताना हे सोडून मागचं बघ. भावाच्या त्या कमिटचा क्रमांक त्या फाइलमध्ये लिहिला, ती फाइल ‘ब्लेम’च्या, म्हणजे ओळ कोणाची ते सांगणाऱ्या आज्ञेच्या, सेटिंगला जोडली, की बहुतेक ओळी पुन्हा तुमच्या नावावर दिसतील, तारखांसकट. गिटहबवर ठेवत असाल तर तिथंही दिसतं. पण एक तपासा: त्या रात्री त्यानं नुसतं फॉरमॅट केलं की जाता जाता दोन-चार दुरुस्त्याही केल्या? दोन्ही एकाच कमिटमध्ये असतील तर आधी ते परत फिरवा, मग वेगवेगळे करा. नाहीतर त्या दुरुस्त्याही इतिहासातून गाळल्या जातील आणि आणखी सहा महिन्यांनी पुन्हा अबोला.

यापुढे फॉरमॅट कसं असावं हे दोघांचं सामाईक, एडिटर कोणता हे ज्याचं त्याचं. तुम्हाला नोटपॅड प्लस प्लस सुटत नसेल तर राहू द्या, भाऊ व्हीएस कोडमध्ये लिहील. कमिट करताना प्रेटियर दोघांचं एकसारखं करून टाकेल. टॅब की स्पेस यावर कोणी काही बोललं तर एकच विचारा: दोघांपैकी कोणाची नजर अधू आहे? टॅबची रुंदी ज्याला त्याला डोळ्यांच्या सोयीनं बदलता येते, स्पेसची येत नाही. चाळिशी तुम्हाला लागलीय, तेव्हा टॅबच लावा. प्रेटियर मुळात स्पेसवर असतं, पण सेटिंगची एक ओळ बदलली की ऐकतं.

माझं व्ह्यूबद्दलचं म्हणणं पटत नसेल, तर भांडू नका, दोन दिवस खर्च करा. आवक नोंदीचा एकच पडदा घ्या. भाऊ तो रिअ‍ॅक्टमध्ये करेल, तुम्ही व्ह्यूमध्ये. दुसऱ्या दिवशी कोड अदलाबदल करा आणि ती वीस पेट्यांची लाल पट्टी एकमेकांच्या कोडमध्ये घालून दाखवा, न विचारता. कोणाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग दोन्ही पडदे गेटवरच्या माणसाच्या फोनवर उघडा, तुमच्या नव्हे. बटण दाबल्यावर पडदा एक पंचमांश सेकंदाच्या आत हलला तर चांगलं म्हणायचं. गूगलची मोजपट्टीही २०० मिलिसेकंदांचीच आहे. तुम्हाला रिअ‍ॅक्टमध्ये पट्टी घालता आली, तर खुशाल रिअ‍ॅक्ट घ्या, वीटबरोबर, नेक्स्टशिवाय. मी मध्ये येणार नाही.

फाइलझिलाचा पासवर्ड मात्र आजच बदला आणि नवा पासवर्ड फक्त भावाकडे ठेवायला द्या. रात्री हात शिवशिवले की तुम्हाला त्याला फोन करावा लागेल.